बादलीभर हिरवं

तळवली, ९ फेब्रुवारी

बाई,

पंढरीचा रामराम घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आमच्या पोरानं, तेजसनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, तवा जीव भांड्यात पडला. खदानीतल्या सुरुंगांनी माझे कान खाल्ले, त्यात फोन म्हंजे नुसता खोका, म्हनून हे पत्र. चाळीस वर्सांमागं तुमी गावच्या शाळेत आमा मोठ्या मानसांचा वर्ग घेतलात, नायतर मी कुठला लिहितोय! वाचायला मात्र तवाही घाबरायचो. सगळ्यांसमोर उभं केलंत की मुतायला जातो सांगून पळायचो. आमची कारभारीन यशोदा अजून त्यावरून हसते. चुका झाल्या असतील तर मागच्यासारखं लाल शाईनं गोल करून पत्र परत धाडू नका, पोराबाळांत इज्जत जाते.

काम असं हाय. आपल्या जिताड्यांच्या तळ्यात कायतरी नवं उगवलंय. बांधावरच्या त्या जुन्या, डेरेदार भेंडीच्या झाडाखाली, मार्गशीर्षात तुमी बसलावता ना, बरोबर त्या कोपऱ्यात. बोटभर लांब, हिरवंगार, पाखराच्या पिसासारखं. आमच्या खाडीचं शेवाळ कसं, काळपट, बुळबुळीत, हातात घेतलं की लगदा. हे तसं नाय. ह्याची दोरी चिखलावरनं सरपटत जाते आनि दोरीवर वीत-वीत अंतरानं पिसं उभी. दिसायला देखनं हाय, खोटं कशाला बोलू.

पन एक गोष्ट मनाला लागली. त्या कोपऱ्यातल्या चिखलात निवट्यांची भोकं होती. मानूस दिसला की ती इवली मासळी चिखलातनं टनाटन उड्या मारायची. आता तिथं एक निवटी नाय. माझ्या बापानं मिठागराला लागून हे तळं खोदलं, पन्नास वर्सं मी बघतोय, पन असं कधी झालं नव्हतं. तुमचा वरद काचेच्या टाकीत समुद्राचं पानी भरून मासे पाळायचा. त्याला विचाराल का हे काय हाय?

यशोदा म्हनते, गुडघा चालायला लागला की जिताड्याचं कालवन खायला या.

तुमचा
पंढरी


खांदेश्वर, १५ फेब्रुवारी

पंढरीभाऊ,

पत्र मिळालं. लाल पेन कपाटात ठेवलंय, घाबरू नका. ओळ मात्र अजून डोंगर चढतेय. खाली रेघांचा कागद धरायला काय होतं?

गुडघ्याचं म्हणाल तर रोज एक पोरगी येऊन तो वाकवते आणि मी ओरडते. मी ओरडले की आमचे जयप्रकाशराव हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवतात. सदतीस वर्षांच्या संसाराची ही कमाई! डॉक्टरांनी मे महिन्यापर्यंत जिने आणि रिक्षा दोन्ही बंद सांगितलंय.

तळ्यातल्या हिरव्याचं उगाच टेन्शन घेऊ नका हो. पाणी म्हटलं की काहीबाही उगवायचंच. मासे त्यात लपतील, बसतील, चांगलंच होईल. वरदला विचारते, पण तो आता पुण्याला. नवी बायको, नवी नोकरी, आईचा फोन म्हणजे 'नंतर करतो'. त्याची ती टाकीसुद्धा राहिली नाही. मासे मित्राला देऊन गेला, बाकीचा पसारा माझ्या गळ्यात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर 'काकू, खालच्या फ्लॅटमध्ये ओल येते' म्हणत रोज दारात उभे, म्हणून डिसेंबरात टाकी निकालात काढली. आता त्या जागी शिवणयंत्र आहे.

निवट्या कुठे जातायत? चिखलात खोल गेल्या असतील, होळीपर्यंत येतील वर. वहिनींना सांगा, कालवणात कोकम जास्त घाला. मागच्या वेळी कमी पडलं होतं.

तुमची
सरोजिनीबाई


तळवली, ९ मार्च

बाई,

रामराम. आज गंमतजंमत नाय.

तुमी म्हनालात म्हनून तीन आठवडे गप बसलो. ते हिरवं आता अर्धं तळं खाऊन बसलंय. मागल्या पंधरवड्यात मी आनि तेजस दंताळं घेऊन उतरलो. सकाळपास्नं दुपारपर्यंत ओढलं. बारा टोपल्या काढून बांधावर टाकल्या. बारीक तुकडे पान्यात तरंगत होते ते तसेच राहिले. म्हटलं, चला, साफ झालं. आठ दिवसांनी बघतो तर जिथं जिथं तुकडा बुडाला तिथं तिथं नवं. आधी एक जागा होती, आता मोजायची सोय नाय. यशोदा म्हनते हा रक्तबीज हाय, थेंब सांडला की नवा राक्षस उभा. एरवी मी तिला हसलो असतो.

पानी इतकं नितळ झालंय की तळ दिसतो. बाई, आमच्या तळ्याचा तळ मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. लोक म्हनतात, वा पंढरी, काच झाली! मला ती काच बघवत नाय. खाली चिखल राहिलाच नाय, सगळी हिरवी गादी. चिखल नाय तर चिंबोरीनं बीळ कुठं करायचं, कोळंबीनं चरायचं कुठं? बोयटं ते पान तोंडात घेतात आनि थुंकून टाकतात. चार मरून वर आली. बांधावर रोज सात-आठ बगळे असायचे, तेही येत नायत. बगळ्यांना कोनी सांगितलं? काल मी पाय टाकला तर मऊमऊ पोटरीपर्यंत गुंतलं, आनि बाई, खदानीत सुरुंग लावनारा मी, ओरडत भाइर आलो. तेजस धावत आला. त्याला म्हटलं, साप होता. साप नव्हता.

गावात नामदेव पेटलाय. नामदेव म्हंजे जेट्टीवरच्या बारा होड्यांचा पुढारी, तुमच्या शाळेत चौथीला दोनदा बसलेला तोच. तो म्हनतो हे कुठल्या तरी कंपनीच्या नाल्यातनं आलंय, महाप्याच्या कारखान्यांवर मोर्चा नेऊ.

मला उपाय एकच सुचतो. शुक्रवारी होळीची पुनव, मोठं उधान येनार. दर पुनवेला मी खाडीकडच्या बांधातल्या उघाडीची फळी थोडी उचलतो, खाडीचं ताजं पानी आत यावं आनि जुनं भाइर जावं म्हनून, पन जिताडी पळू नयेत म्हनून बारीक जाळी लावून. ह्या वेळेला जाळी काढतो आनि फळी पुरी उचलतो. एका ओहोटीत सगळी घान खाडीत जाईल. वरद काय म्हनाला ते कळवा. नाय कळवलंत तरी शुक्रवारी फळी उचलनार हे नक्की.

पंढरी


खांदेश्वर, ११ मार्च

पंढरीभाऊ,

फळी उचलू नका.

हे तेजसला फोनवर चार वेळा सांगितलंय, तुमच्यासमोर उभं राहून ओरडायला सांगितलंय, तरी लिहिते. फळी उचलू नका. उलट तिच्या फटी चिखलानं लिंपा. जाळं, टोपली, दंताळं, काही तळ्याबाहेर नेऊ नका. बांधावरच्या टोपल्या कडक उन्हात वाळवा आणि मग जाळा.

तेजसकडून फोटो मागवून वरदला पाठवले. त्यानं ते मोठे करून बघितले. मग म्हणाला, "आई, माझ्या टाकीतलं हिरवं तू कुठे टाकलंस?"

ह्या वनस्पतीला कॉलर्पा म्हणतात. शोभेची म्हणून टाकीत ठेवतात. युरोपात ती एका मत्स्यालयातून समुद्रात सुटली. आधी खोलीच्या एका कोपऱ्याएवढी जागा होती, पंधरा-वीस वर्षांत हजारो एकर. समुद्राच्या तळाशी गवत असतं, ज्यात मासे पिल्लं वाढवतात, ते गवत तिनं गुदमरवून मारलं. तिच्या अंगात विष असतं म्हणून मासे तोंड लावत नाहीत. नखाएवढा तुकडा तुटला तरी त्याचं नवं झाड होतं. होडीच्या नांगराला, ओल्या जाळ्याला चिकटून आठ-दहा दिवस जिवंत राहते. म्हणून तुम्ही दंताळं फिरवलंत तेव्हा ती मेली नाही, पेरली गेली.

आता माझं. भाऊ, ती तुमच्या तळ्यात मी टाकली.

डिसेंबरात टाकी रिकामी करताना ते हिरवं हातात घेतलं आणि मला ते कचऱ्याच्या गाडीत टाकवेना. जिवंत होतं. संडासात ओतायचं? शी! आपण गुरुवारच्या घटाची पानंसुद्धा कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतो. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं निर्माल्य घेऊन दुसऱ्या दिवशी मी तळवलीला येणारच होते, त्याच रिक्षात ही बादली घेतली. तुम्ही दोघं चहा करायला आत गेलात, मी भेंडीखाली बसून बादली तुमच्या तळ्यात सोडली आणि वर हात जोडले. म्हटलं, पंढरीभाऊंच्या माशांना सावली.

तेव्हा सांगितलं नाही, कारण वरदनं मला आधीच बजावलं होतं की टाकीतलं काही बाहेर ओतायचं नाही, उकळत्या पाण्यात मारून मगच टाकायचं. चाळीस वर्षं शाळेत मी लोकांना शिकवलं, मला मुलानं शिकवलेलं खपत नाही. आणि फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं, 'भेंडीच्या झाडाखाली' वाचलं, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी कोकमाच्या गोष्टी केल्या.

हवी ती शिवी द्या.

सरोजिनी


तळवली, १५ मार्च

बाई,

फळी उचलली नाय. गावात होळी पेटली तवा मी उघाडीवर बसून होतो. उधानाचं पानी फळीला धडका देत होतं आनि मला सारखं वाटत होतं फळी आता जाते. फळीच्या त्या बाजूला खाडी, ह्या बाजूला ते, आनि मधी चार बोटांची लाकडं. अशी भीती मला बापाला आग देतानाबी वाटली नव्हती.

तुमचं पत्र दोन दिवस खिशात हाय. यशोदेला वाचून दाखवलं. ती म्हनाली, दुसऱ्या कोनी केलं असतं तर तोंड बघितलं नसतं. मीबी तेच म्हनतो. राग हाय, लय हाय. तुमी मला सांगायला पायजे होतं. तळं माझं हाय, निदान विचारायला पायजे होतं. पन तुमी लिहिलंत. लपवलं नाय. म्हनून बोलतोय.

गावात तुमचं नाव घेतलं नाय. नामदेव मोर्चाचे बोर्ड रंगवत होता, त्याला म्हटलं, कंपनीबिंपनी नाय, माझ्याच तळ्यात झालंय, मीच निस्तरनार.

माझा बाप मिठागरात राबला. पानी कसं मारायचं ते आमाला ठावं हाय. तळ्याच्या बाजूला मिठागराचे जुने वाफे तसेच पडलेत. पंपानं तळ्याचं पानी वाफ्यांत पसरवतो, वितभर उंचीनं. चैत्र-वैशाखाचं ऊन बाकीचं करील. पानी आटेल, मीठ बसेल, मग ते हिरवंबी जळेल आनि त्याचा बापबी. पन त्याबरोबर सगळंच मरनार. तीन वर्सांची जिताडी हायेत, हाताएवढी लांब. एक तर यशोदेच्या हातातनं कोळंबी खातं. ती नामदेवच्या तळ्यात हलवता येतील का, ते विचारा.

आनि एक सांगा. नीट आठवून सांगा. सगळं माझ्याच तळ्यात टाकलंत ना? खाडीत काय नाय ना गेलं? गेलं असेल तर आत्ता सांगा. आत्ता ते मूठभर असेल. बारा होड्यांची पोरं मोठ्या ओहोटीला उतरून शोधतील, मुळासकट उचलतील. उशीर झाला तर मग आमची खाडी गेली. आनि खाडी जानारच असेल तर मी माझं तळं का मारू?

पंढरी


खांदेश्वर, १९ मार्च

पंढरीभाऊ,

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांना सांगितलं, कांदा चिरतेय.

वरदच्या ओळखीतून समुद्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एका मॅडमशी बोलले. त्यांना तुमची आटवण्याची कल्पना पसंत आहे. म्हणाल्या, त्या गृहस्थांना हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, त्यांच्या वडिलांनी. मासे मात्र कुठेही हलवू नका. कल्ल्यात, तोंडात, बादलीच्या पाण्यात एखादा तुकडा गेला की दुसरं तळं गेलं. विकू नका, देऊ नका. वाईट वाटतं लिहायला, पण खड्डा करून पुरावे लागतील.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, सगळं तुमच्याच तळ्यात टाकलं. बादली एकच होती, पिवळी, कान तुटलेली. मी ती भेंडीखाली उपडी केली, तुमच्या तळ्याच्या पाण्यानं दोनदा विसळली, ते पाणीही तळ्यातच ओतलं, आणि बादली रिक्षात ठेवली. खाडीत काही गेलं नाही. मॅडमनीही हेच विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. तुम्ही निश्चिंत मनानं पुढचं काम करा.

उन्हात डोक्याला टॉवेल बांधा.

सरोजिनीबाई


तळवली, ३० एप्रिल

बाई,

झालं.

सव्वा महिना पंप चालला. पंपाच्या तोंडाला तीन पदरी कापड बांधलं होतं. पानी गुडघ्यावर आलं तवा जिताडी पाठ उघडी टाकून फिरायला लागली. मी जाळं टाकलं नाय, हातानं धरली. एकशे चाळीस निघाली. तेजसनं बांधामागं खड्डा खोदला, आनि चुना टाकून त्यात पुरली. गावची मानसं बांधावर उभी होती. नामदेव खाली उतरला आनि माझ्या बाजूला येऊन धरू लागला. यशोदेचं जिताडं शेवटी सापडलं. तिच्या हाताकडं आलं ते, बाई. त्याला वाटलं खायला हाय. ती तशीच चिखलात बसली. घरी आल्यावर दोन दिवस तिनं चूल पेटवली नाय, मी चहापावावर काढले.

ते हिरवं मात्र लवकर मरत नव्हतं. वरचं सुकलं तरी खालची दोरी ओली. मग आमी फावड्यानं मीठ टाकलं, बापाच्या मिठागरातलं जुनं, काळं. आता तळ फुटलाय, भेगांत हात जातो. सगळं पांढरं. एक हिरवा ठिपका नाय, मी गुडघ्यावर बसून इंच न इंच बघितलंय.

एक खरं सांगतो. मधी एकदा हात गळाले. वाटलं, जाऊ दे, उचलतो फळी, जग बुडलं तर बुडू दे. तवा तुमचं पत्र काढून वाचलं, 'खाडीत काही गेलं नाही'. म्हटलं, बाईंचा शब्द हाय, खाडी वाचतेय, मग कर. त्या एका ओळीवर केलं.

पावसाळा झाला की नवी पिल्लं सोडू. कालवनाला पुढच्या वर्सी या.

तुमचा
पंढरी


खांदेश्वर, ५ मे

पंढरीभाऊ,

पत्र वाचलं. काय लिहू? चार कागद फाडले.

काल बाल्कनी आवरताना वरदची एक बरणी सापडली. टाकीच्या तळाशी समुद्रातून आणलेले पांढरे, छिद्राछिद्रांचे दगड होते, त्यातले दोन त्यानं खाऱ्या पाण्यात ठेवले होते आणि विसरला होता. झाकण बंद, जुन्या पेपरांच्या ढिगामागे. मी उचलली तर आत दगड दिसेना. काचेला चिकटून सगळी हिरवी पिसं, आतून बाहेर बघत असल्यासारखी. पाच महिने, भाऊ! ना खाणं, ना हवा, ऊन म्हणाल तर तासभर.  सबंध बाटली ब्लीच ओतलं आणि ती पांढरी पडेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले. हे म्हणाले, अगं, जेवायला चल. मला उठता येईना, आणि ते गुडघ्यामुळे नव्हे.

मला तुमच्याशी एक बोलायचं आहे. पण समोर आल्यावर. महिनाअखेर डॉक्टर रिक्षाला परवानगी देतील.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी स्वीकारला नाही तरी सांगा.

सरोजिनी


तळवली, १८ मे

बाई,

खाली कागदाला चिकटवलंय ते बघा आनि मला सांगा ते तेच हाय का. मला ठावं हाय, पन तुमी सांगा. उकळत्या पान्यातनं काढून वाळवलंय, भिऊ नका.

काल नामदेवच्या होडीचा नांगर जेट्टीपाशी अडकला. चौघांनी ओढला तवा वर आला, आनि त्याच्याबरोबर हे, हारासारखं लोंबत. ओहोटीला आमी उतरलो. जेट्टीच्या शेवटच्या पायरीखालपास्नं सुरुवात हाय, तिथनं पुढं आमच्या अंगनाएवढी जागा भरलीय, आनि पुढं पान्यात किती हाय ते दिसत नाय. तिथं कोळंबीची पिल्लं असतात ह्या दिवसांत. पसाभर पानी घेतलं की दहा-बारा. मी वीस वेळा पसा भरला. एक नाय.

मधोमध एक दगड होता, पांढरा, भोकाभोकांचा, त्याला धरून सगळ्यात दाट. असला दगड आमच्याकडं कुठं नसतो. कुठल्या बोटीनं आनला काय ठावं. ते जाऊ दे.

चूक माझी हाय. तुमी तर सगळं माझ्या तळ्यात टाकलंत. म्हंजे जानेवारीच्या नायतर माघाच्या पुनवेला, मला काय ठावं नसताना, फळी उचलली तवा जाळीतनं गेलं. नायतर दंताळं धुवायला मी जेट्टीवर गेलो असेन. गेलो का? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आलीय. सगळ्या होड्यांचे नांगर तिथंच पडतात, बाई. चार महिने सगळ्यांची जाळी तिथंच धुतली जातायत. आता ते दिवाळे गावापर्यंत गेलं असेल, का पार समुद्रात? पावसाचं गोडं पानी त्याला सोसत नाय म्हनतात, पन पाऊस यायला तीन आठवडे हायेत, आनि त्याला तीन आठवडे म्हंजे काय ते आपल्याला ठावं हाय.

बुधवारी चार वाजता जेट्टीवर बैठक हाय. लोक म्हनतायत, ज्याच्यामुळं आलं त्यानं पुन्हा होडी जेट्टीला लावायची नाय, त्याच्या घरचा मासा कोनी घ्यायचा नाय. मी उभा राहून सांगनार, माझ्यामुळं आलं. तेजस भांडतोय, यशोदा रडतेय. पन मी तळं मारलं तवा नामदेव माझ्या बाजूला चिखलात उतरला होता. त्याला खोटं नाय सांगू शकत.

पंढरी


खांदेश्वर, २० मे

पंढरीभाऊ,

टपालावर विसंबत नाही. हे पत्र जयप्रकाश स्वतः उद्या सकाळी तुमच्या हातात देतील.

ते तेच आहे. आणि तुमच्या फळीतून गेलेलं नाही, तुमच्या दंताळ्यातून गेलेलं नाही. तो पांढरा दगड वरदच्या टाकीतला आहे. मी ओळखते. पाच वर्षं दर रविवारी मीच ते दगड घासलेत.

बादल्या दोन होत्या.

त्या शुक्रवारी तुमच्याकडे येण्याआधी मी रिक्षा जेट्टीवर थांबवली. घटाची पानं, फुलं, सुपारी शेवटच्या पायरीवरून खाडीत सोडली. आणि त्याच हातानं पहिली बादली, अर्धं हिरवं आणि ते हिरवं धरलेला एक दगड, तेही सोडलं. पाण्यात गेल्यावर ती पिसं उघडली, फुलांमध्ये फार सुंदर दिसली. मी नमस्कार केला. मग उरलेलं तुमच्या तळ्यात.

मार्चमध्ये तुम्ही मला सरळ विचारलंत. आत्ता मूठभर असेल, आत्ता सांगा, असं लिहिलंत. मी आठवून बघितलं नाही, भाऊ, मला आठवतच होतं. पण तुम्ही मला माफ केलं होतंत, माझं नाव झाकलं होतंत, आणि मला वाटलं, पुन्हा एकदा लिहिलं तर ते सगळं जाईल. स्वतःला सांगितलं, खाडीचं पाणी गढूळ आहे, मेलं असेल. मी चाळीस वर्षं पोरांना 'खरं बोला' फळ्यावर लिहायला लावलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा इतकी घाबरले की बादलीचा रंगसुद्धा लिहिला, म्हणजे तुम्हाला खरं वाटेल. त्या एका ओळीवर तुम्ही एकशे चाळीस जिताडी पुरलीत. वहिनींच्या हातातलं ते एक. ती सगळी माझ्या डोक्यावर आहेत आणि ते ओझं माझ्यानं उतरवलं जाणार नाही.

वरदला सगळं सांगितलंय. तो माझ्याशी बोलत नाहीये, पण बुधवारी त्या मॅडमना घेऊन येतोय. जाड ताडपत्र्या, वाळूच्या गोण्या आणि क्लोरीन घेऊन. झाकायचं, कडा दाबायच्या आणि आत मारायचं, जेवढं सापडेल तेवढं, पावसाआधी. तोवर एकही होडी तिथून हलू देऊ नका, नांगर उचलू नका, जाळी पाण्याबाहेर काढून कडक वाळवा. पुढे पाण्यात किती गेलंय ते त्यांनाही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी ताडपत्र्यांचा आकडा दुप्पट केला. 

आता शेवटचं, आणि हे बाई म्हणून सांगतेय. बुधवारी उभे राहाल तेव्हा 'माझ्यामुळं आलं' हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये. त्याऐवजी हे पत्र मोठ्यानं वाचायचं. सगळ्यांसमोर, नामदेवसमोर, पहिल्या ओळीपासून, माझ्या नावासकट. मुतायला जातो सांगून पळायचं नाही. मी पण पळणार नाही. डॉक्टरांना विचारलेलं नाही, रिक्षा सांगून ठेवली आहे. मी शेवटच्या पायरीवर, जिथून ते सोडलं तिथेच, बसलेली असेन.

सावकाश वाचा. अडखळलात तर थांबा, पुढचा शब्द मी सांगेन.

सरोजिनी